अलक, गुठळी आणि खतना

लहानपणी जिंतूरला आमच्या मोहल्ल्यात खतना झाला की नाईचाचा जखमेवर राख दाबून धरायचे. बहुतेक मुलांचे रक्त थोड्या वेळात थांबे. एका मुलाचे दुसऱ्या दिवशीही थांबले नाही. परभणीला नेले म्हणून तो वाचला. "नजर लागली," असे बायका म्हणाल्या.

मकतबमध्ये मौलवीसाब सूरह अलक शिकवताना 'अलक'चा अर्थ 'जमा हुआ खून' सांगत. मराठीत आपण रक्ताची गुठळी म्हणतो. अरबीत मात्र या शब्दाचे मूळ 'चिकटणे, लटकणे' असे आहे. जळूलाही अरबीत अलकच म्हणतात.

रक्त साकळण्याची सुरुवातही चिकटण्यानेच होते. शीर कापली की प्लेटलेट जखमेच्या कडेला चिकटतात. मग रक्तातले 'फॅक्टर' एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते. आठवा फॅक्टर कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर हिमोफिलिया बी. दोष बहुधा आईकडून येतो आणि मुलांत दिसतो.

हा आजार आपल्या पूर्वजांनी ओळखला होता. कुर्तुबाजवळच्या अल-जहरावी यांनी इ.स. 1000 च्या सुमारास 'किताब अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. एका गावातले पुरुष किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरतात, अशी नोंद त्यात आहे. त्याआधी, दुसऱ्या शतकातल्या यहुदी धर्मपंडितांनी ठरवले होते, की सुंतेने दोन भाऊ दगावले तर तिसऱ्याची सुंता करू नये. प्रयोगशाळा नव्हती, पण घराण्यात काय घडते याकडे त्यांचे लक्ष होते.

आपण मात्र आजही तारीख आणि दावत ठरवतो, विचारपूस करत नाही. मुलाच्या मामाला किंवा मावसभावाला दात काढताना खूप रक्त गेले होते का? गुडघे वारंवार सुजतात का? उत्तर 'हो' असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, एपीटीटी ही तपासणी करून घ्या. जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. म्हणून खतना रुग्णालयातच करावा.

खतना सुन्नत आहे, आणि जीव वाचवणे फर्ज. जिवाला धोका असेल तर तो पुढे ढकलायला शरियतची मनाई नाही. त्या मुलाला नजर लागली नव्हती. त्याच्या मामाबद्दल कुणी विचारलेच नव्हते.