खाडीतील चिखलपट्टे (मांडवी–झुवारी)

खाडीतील चिखलपट्टे : भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा, गाळाने बनलेला खाडीकाठचा सपाट भाग. कोकण–गोव्यात याच्या वरच्या कडेला तिवरांची झाडी असते. बांध घालून आत घेतलेल्या जमिनीवर खाजणशेती होते. कुंभारजुवे कालव्याने जोडलेल्या मांडवी व झुवारी या गोव्यातील खाड्यांच्या काठी असे पट्टे आहेत. येथे दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक सुमारे २ मी. असतो, मुंबईला तो ५ मी.च्या आसपास जातो.

पट्ट्याचा गाळ सर्वत्र सारखा नसतो. मुखाजवळ लाटांचा मारा असल्याने वाळू अधिक, तर आडोशाच्या जागी चिखल अधिक सापडतो. एकाच पट्ट्यावरही पाण्याच्या धारेलगत जाडसर कण व तिवरांकडे बारीक कण असा क्रम सहसा आढळतो, कारण वर चढताना भरतीचा जोर ओसरतो. नदीतून आलेले मातीचे सूक्ष्म कण खारे पाणी लागताच एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात व त्या लवकर खाली बसतात. हाच गुणधर्म प्रयोगशाळेत अडचणीचा ठरतो. नमुन्यातील मीठ आधी धुऊन काढावे लागते व गुठळ्या फोडण्यासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालावे लागते, मगच ०.०६३ मिमी. छिद्रांच्या चाळणीतून वाळू वेगळी करतात. हे टाळले, तर चिकणमातीचे प्रमाण कमी भरते.

पावसाळ्यात चिखलच वाढतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. जून ते सप्टेंबर नद्या भरपूर गाळ आणतात. मात्र पुराची ओढ त्यातला बराचसा समुद्रात नेते आणि काही ठिकाणी जुना थरही खरवडते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ याच काळात वाळूचा दांडा वाढून बोटींची वाट अडते. ऑक्टोबरनंतर प्रवाह मंदावतो, खारे पाणी खाडीत वरपर्यंत जाते आणि शांत जागी ताजा चिखल हळूहळू घट्ट होतो. पृष्ठभागावरील सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत पापुद्रा तो धरून ठेवतो, तर खेकडे बिळे करताना खालचा गाळ वर काढतात. पापुद्र्याखालचा तपकिरी थर अनेकदा काही मिलिमीटरचाच असतो. त्याखाली प्राणवायूच्या अभावी चिखल काळा पडतो व त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. उन्हाळ्यात दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा उथळ तळ पुन्हा ढवळतात.

या दोन्ही नद्यांतून लोहखनिजाचे बार्ज चालत. खाणींतून वाहून आलेली माती आणि चढ-उतारात सांडलेले खनिज गाळात मिसळे. २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबवण्यात आले, तरी खालच्या थरांत लोह व मँगनीज राहू शकते. हे धातू बारीक कणांना अधिक चिकटतात. म्हणून वाळू व चिखल यांतील धातूंचे प्रमाण थेट ताडून प्रदूषण ठरवणे चूक आहे. नमुन्याचा महिना, त्याची भरतीरेषेपासूनची जागा आणि कणांचा आकार नोंदलेला नसेल, तर अशा आकड्यांवर विसंबू नये.