नवे नाव, नवे गाव
अमेरिकेत माफियाविरुद्धचे खटले साक्षीदारांच्या भीतीपोटी कोसळत. १९६३ मध्ये माफियाचा सदस्य जो वलाची सिनेटच्या समितीपुढे बोलला, तोही कडक पहाऱ्यात. न्याय खात्यातील वकील जेराल्ड शूर यांनी साक्षीदारांच्या कायमच्या स्थलांतराची योजना आखली; १९७० च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने तिला आधार मिळाला. न्याय खात्याची मार्शल सेवा साक्षीदाराच्या कुटुंबाला दूरच्या शहरात नवे आडनाव, कागदपत्रे, घर आणि सुरुवातीचा खर्च देऊ लागली. पहिले नाव बहुधा तेच ठेवले जाई, कारण ओळखीच्या हाकेला माणूस नकळत वळतो. नातलगांना पत्ता कळवणे मात्र वर्ज्य. कोणताही गुन्हा न केलेल्या मुलांनाही आजी-आजोबा, मित्र, शाळा सोडावी लागे. या व्यवस्थेची सर्वांत जड किंमत त्यांनीच मोजली. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिलेल्या २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत ओळख बदलण्याची तरतूद आली.