कुसुरिउरी : सत्य उमगल्याशिवाय तलवार न उपसणारा शोधक

'कुसुरिउरी' या जपानी शब्दाचा सरळ अर्थ औषधविक्रेता. तोएई ॲनिमेशनच्या 'मोनोनोके' (२००७) या मालिकेचा नायक याच नावाने ओळखला जातो. त्याला दुसरे नाव नाही, गाव नाही, पूर्वायुष्यही नाही. पाठीवर औषधांची लाकडी पेटी, टोकदार कान, चेहऱ्यावर रंगीत रेघा आणि तुटक, संथ बोलणे एवढीच त्याची ओळख. प्रत्यक्षात तो माणसांच्या घरात शिरलेल्या पिशाच्चबाधेचा छडा लावणारा शोधक आहे. नामसाधर्म्यामुळे गल्लत होते म्हणून सांगावयास हवे, की हायाओ मियाझाकी यांच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) या चित्रपटाशी या मालिकेचा काहीही संबंध नाही.

उगम

हे पात्र प्रथम २००६ मध्ये 'आयाकाशी' या भयकथामालेत अवतरले. त्यातील 'बाकेनेको', म्हणजे मांजरपिशाच्च, ही तीन भागांची अखेरची कथा इतकी गाजली, की दिग्दर्शक केंजी नाकामुरा यांनी औषधविक्रेत्याला केंद्रस्थानी ठेवून स्वतंत्र मालिका केली. फुजी टीव्हीच्या 'नोइतामिना' या रात्री उशिराच्या कार्यक्रमपट्ट्यात जुलै ते सप्टेंबर २००७ या काळात तिचे १२ भाग प्रसारित झाले. त्यांत पाच प्रकरणे आहेत : झाशिकी-वाराशी, उमिबोझू, नोप्पेराबो, नुए आणि नव्या रूपातील बाकेनेको. पात्राला आवाज ताकाहिरो साकुराई यांचा होता. उकियो-ए या जुन्या काष्ठमुद्राचित्रांची आठवण देणारी रंगसंगती आणि हातकागदाचा पोत यांमुळे प्रत्येक चौकट कागदावर छापल्यासारखी भासते.

या नायकाला भटका औषधविक्रेता करण्यामागे इतिहासाचा आधार दिसतो. एदो काळात तोयामा प्रांतातील औषधविक्रेते देशभर हिंडत. घरोघर औषधांचा संच ठेवून जायचे आणि पुढच्या फेरीत जेवढे वापरले गेले तेवढ्याचेच पैसे घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. समाजाच्या सर्व थरांत ज्याला दार उघडले जाते आणि जो कोणत्याच घरचा नसतो, अशा माणसाला घरातील गुपिते दिसणे स्वाभाविकच.

शोधाची रीत

कुसुरिउरीपाशी बाधानिवारक तलवार आहे. परंतु ती त्याच्या इच्छेने म्यानाबाहेर येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी उघड व्हाव्या लागतात : 'काताची', 'माकोतो' आणि 'कोतोवारी'. काताची म्हणजे बाधेचे रूप. माकोतो म्हणजे प्रत्यक्ष काय घडले ती वस्तुस्थिती. कोतोवारी म्हणजे त्यामागील मनाची अवस्था, ज्या दुःखातून वा संतापातून बाधा जन्मली ते कारण. यांपैकी एकेक गोष्ट उलगडली, की मुठीवरील राक्षसी मुखाचे दात खणकन वाजतात. तिन्ही जुळल्यावर तलवार मुक्त होते आणि औषधविक्रेत्याच्या जागी सुवर्णरेखांकित देहाचे दुसरेच रूप प्रकटते.

मंतरलेल्या कागदी पट्ट्या आणि बाधेचे अंतर दाखवणारे चिमुकले तराजू ही त्याची इतर साधने. मात्र त्यांनी फक्त वेळ मिळतो. खरे काम उलटतपासणीचे असते. मालिकेच्या मांडणीत आयाकाशी, म्हणजे अमानवी शक्ती, आणि मोनोनोके यांत भेद आहे. माणसाच्या कर्माची व भावनेची गाठ पडली, की आयाकाशीचा मोनोनोके होतो. त्यामुळे प्रत्येक कथेत बाधा हा गुन्हा नसून गुन्ह्याचा पुरावा असतो आणि तो दडवणारे बहुधा त्याच खोलीत बसलेले असतात.

या विचाराचे मूळ जुने आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या 'गेन्जी मोनोगातारी' या ग्रंथातही 'मोनोनोके' येतात. तेथे रोकुजो या सरदार स्त्रीचा दडपलेला मत्सर तिच्या नकळत देहाबाहेर पडून आओई या प्रतिस्पर्धी स्त्रीला छळतो.

प्रकरणे

झाशिकी-वाराशीच्या कथेत एक गरोदर स्त्री पावसाळी रात्री सरायीत आसरा मागते. ती जागा पूर्वी वेश्यागृह होती आणि तेथील स्त्रियांचे गर्भ जबरदस्तीने पाडले जात, हे सत्य भिंतीआडून बाहेर येते. उमिबोझूमध्ये सागराची बाधा एका वृद्ध भिक्षूच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या कृत्यापर्यंत पोहोचते : त्याच्या जागी त्याची बहीण बळी म्हणून बंद नावेत गेली होती. नोप्पेराबोमध्ये सासरच्या सर्वांना मारल्याचा आरोप असलेली ओचो कबुली देते. पण प्रत्यक्षात तिने मारले आहे ते स्वतःचेच मन.

शेवटचे प्रकरण पत्रकारितेशी निगडित आहे. काळ बदललेला आहे, औषधविक्रेता मात्र तोच. नव्या भुयारी रेल्वेच्या पहिल्याच फेरीत काही प्रवासी एका डब्यात अडकतात. टोकियोची पहिली भुयारी रेल्वे असाकुसा ते उएनो या मार्गावर ३० डिसेंबर १९२७ रोजी धावली. कथेतील शहर त्याच जमान्याचे वाटते. डब्यात महापौर आहे, पोलीस अधिकारी आहे, वृत्तपत्राचा संपादक आहे आणि काही सामान्य माणसेही आहेत. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे एका तरुण महिला वार्ताहराचा मृत्यू. ती महापौराचा भ्रष्टाचार उघड करणार होती; तिच्या मृत्यूची नोंद आत्महत्या म्हणून झाली. साक्षीदारांपैकी कोणाला प्रसिद्धी हवी होती, कोणाला स्वतःची अब्रू झाकायची होती, कोणाला प्रकरण लवकर मिटवायचे होते. प्रत्येकाने सत्याला थोडासाच मुरड घातला. पण त्या सगळ्या मुरडींतून एक खून पचून गेला.

कुसुरिउरीचे वेगळेपण येथे स्पष्ट होते. मांत्रिक बाधा घालवतो. हा आधी तिचे म्हणणे ऐकवतो. संहार करण्याची शक्ती हाती असूनही, मृताची बाजू पूर्णपणे समजेपर्यंत ती वापरण्याचा अधिकार त्याला नाही.

पुढील वाटचाल

२०२४ च्या जुलैमध्ये 'काराकासा' या चित्रपटाने नवी चित्रपटत्रयी सुरू झाली. एदो किल्ल्यातील ओओकू, म्हणजे शोगुनच्या अंतःपुरात तिचे कथानक घडते. नायकाचा आवाज आता हिरोशी कामिया यांचा आहे. मार्च २०२५ मध्ये 'हिनेझुमी' हा दुसरा भाग प्रदर्शित झाला.

नव्या प्रेक्षकाने २००६ ची 'बाकेनेको' आधी पाहून मग मालिकेकडे वळावे. घरातील मुले ॲनिमे पाहत असली, तरी गर्भपात, कोंडून ठेवलेल्या स्त्रिया आणि हिंसा यांमुळे ही मालिका लहानांसाठी नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.