पट्टेदार टायची कुळकथा

महाड-पोलादपूरच्या अनेक घरांत पट्टेदार रेशीम आलं ते फौजीच्या ट्रंकेतून. हा मुलूखच तसा. पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ, महाड तालुक्यात रायगड. आणि फौजी आंबवडे गावाने तर फौज नावातच धारण केली आहे. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना पदकं मिळाली, ती रेशमी फितीला टांगलेली. ब्रिटिश वॉर मेडलची फीत 32 मिलिमीटर रुंद : मधोमध नारिंगी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा, काळा आणि कडेला निळा. रंगांचा क्रम पाहिला की जाणकार पदक ओळखतो.

पट्टेदार टाय याच भावकीतला. गळ्याला कापड बांधण्याची रीत सतराव्या शतकात फ्रान्सच्या चाकरीतल्या क्रोएशियन सैनिकांपासून युरोपात पसरली. पट्टे मात्र इंग्रजांचे. 1880 साली ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातल्या नावाड्यांनी टोपीची रंगीत फीत सोडून गळ्यात बांधली, असं सांगतात. पुढे पलटणींनीही आपापले रंग टायवर घेतले. इंग्रजी रिवाजात पट्टा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरतो; अमेरिकन दुकानदारांनी तो उलटा फिरवला.

आपल्याकडे ही रीत पलटणींबरोबर आली. 1917 साली उभी राहिलेली 111वी महार पलटण 1921 मध्ये मोडली; महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात उभी राहिली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही बेळगावातच. निवृत्त सुभेदार समारंभाला ब्लेझर, पदकं आणि रेजिमेंटचा टाय घालून उभे राहतात, तेव्हा तो टाय त्यांच्या नोकरीचा दाखला असतो.

म्हणून त्याचं कापडही खरं असायला हवं. मागावर हे पट्टे सरळ विणलेले असतात. कापड उरेब, म्हणजे 45 अंशांत कापलं की ते तिरपे दिसतात. उरेब कापड ताणलं जातं, गाठ नीट बसते आणि सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होतो. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने 1920च्या दशकात असा उरेब काप आणि तीन तुकड्यांची जोडणी रूढ केली. आजचा टाय त्याच बांधणीचा.

दुकानात टाय हातात घेतला की आधी उलटा करा. पट्टा विणलेला असेल तर मागच्या बाजूलाही रंग धाग्यातच दिसतो. छापलेला असेल तर मागे फिका पडतो. छापील रेशमी टायही चांगले असतात, पण पलटणी पट्ट्याचा मान विणकामाला. मग अरुंद टोक धरून टाय लोंबता सोडा. तो पीळ खात फिरू लागला, तर काप चुकला आहे. मुठीत दाबून सोडा. चांगलं रेशीम आणि आतलं लोकरी अस्तर सुरकुती लवकर टाकतात. मागच्या शिवणीच्या टोकाशी सैल दोरा दिसला, तर तो ओढून तोडू नका. टाय ताणला की शिवण त्याच्या आधाराने सरकते. घरी आल्यावर शंका उरलीच, तर आतल्या बाजूचा सुटा धागा जाळून बघा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. या सगळ्यांत मला सर्वांत भरवशाची वाटते ती लोंबत्या टायची परीक्षा, कारण तिला ना काडी लागते ना दुकानदाराचा शब्द.

लग्नासाठी टाय घेताना एवढं मात्र पाळा. पट्टे आवडीचे घ्या, पण एखाद्या रेजिमेंटचे हुबेहूब रंग नुसत्या हौसेखातर गळ्यात बांधू नका. ज्यांनी त्या पलटणीत नोकरी केली, त्यांच्यासाठीच ते राहू द्या.