गाडीचा रिव्हर्स कॅमेरा दिसेना झालाय? नवा घेण्याआधी एवढं तपासा

रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर मागचं दिसतं, ही सोय आता वाडी-वस्तीवरच्या जुन्या गाड्यांतही आली आहे. अनेकांनी सेकंडहँड गाडी घेऊन त्यात बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ आणि कॅमेरा बसवलेला असतो. पण एक-दोन पावसाळे गेले की स्क्रीन काळी पडते, चित्र थरथरतं नाहीतर धुरकट दिसतं. दुकानात गेलं की 'कॅमेरा गेला, नवा टाका' हे उत्तर ठरलेलं. पुष्कळदा कॅमेरा चांगला असतो आणि दोष वायरीत निघतो.

बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याला वीज बहुतेक वेळा मागच्या पांढऱ्या रिव्हर्स लाइटमधून दिलेली असते. गिअर पडला की लाइट लागतो आणि तेच 12 व्होल्ट कॅमेऱ्याला मिळतात. तिथूनच एक बारीक वायर पुढे स्टिरिओला जाते, ती मिळाली की स्क्रीन बदलते. चित्र पिवळ्या पिनेच्या केबलमधून येतं. म्हणजे शोधायच्या जागा तीनच.

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि रिव्हर्स टाका. घरातल्या कुणाला तरी बाजूला उभं राहून मागचे दिवे बघायला सांगा. पांढरा दिवा लागतच नसेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका. फ्यूज उडालेला असेल, नाहीतर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच गेलेला असेल. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोटारीच्या स्टार्टरला तार बांधायची सवय इथे चालवू नका, वायरिंग जळतं. होल्डरला हिरवट गंज चढला असेल तर तो साफ करा, जोड तिथूनच घेतलेला असतो.

दिवा लागतोय, पण स्क्रीन बदलतच नाही? मग ती बारीक वायर स्टिरिओच्या मागे निसटली आहे का बघा. स्क्रीन बदलते पण काळी राहते किंवा 'नो सिग्नल' येतं, तेव्हा कॅमेऱ्याची वीज किंवा पिवळी केबल तपासायची. आपल्याकडे मोटारीसाठी मल्टीमीटर असतोच. तो डीसीवर ठेवून कॅमेऱ्याच्या लाल-काळ्या वायरीवर लावा. तिथे 12 च्या आसपास व्होल्ट येतात, केबलच्या पिनाही घट्ट आहेत आणि तरी चित्र नाही, तर शक्यता दोनच: केबल आतून तुटली किंवा कॅमेरा गेला. दुसरी केबल लावून बघितली की निकाल लागतो.

केबल तुटायची नेहमीची जागा म्हणजे डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी. दार उघडून-झाकून वायर तिथेच मोडते. डिकी वर-खाली केली की चित्र येत-जात असेल तर दुसरीकडे शोधूच नका. आणि गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ लावत असाल तर उंदीर आहेतच!

चित्रावर आडव्या रेषा पळत असतील तर आधी अर्थिंगचा जोड खरवडून घट्ट करा. नवा कॅमेरा बसवल्यावर चित्र फाटकं दिसत असेल तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार बदलून बघा, एएचडी कॅमेरा साध्या सेटिंगवर नीट दिसत नाही. धूर बाहेरून असेल तर ओल्या मऊ फडक्याने पुसा. काचेच्या आत पाणी गेलं असेल तर उन्हात तात्पुरतं सुकतं, पण परत येतं. असा कॅमेरा बदलावाच लागतो. गाडी धुताना प्रेशरचा पाइप त्याच्यावर धरू नका.

या सगळ्यात वाईट दोष म्हणजे चित्र अडकणं. काळी स्क्रीन निदान कळते तरी. स्टिरिओ हँग झाला की काही वेळा जुनंच चित्र तसंच राहतं, आणि आपल्याला वाटतं अंगण मोकळं आहे. तेवढ्यात मागे एखादं लेकरू आलेलं असू शकतं. म्हणून मधून मधून कुणाला तरी बाजूला उभं करून कॅमेऱ्यासमोर हात हलवायला सांगा. हात उशिरा दिसला किंवा दिसलाच नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत स्क्रीनकडे बघून गाडी मागे घेऊ नका. उतरून बघा, नाहीतर माणूस उभा करा.

1 जुलै 2019 नंतर बनलेल्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा मात्र सगळ्यांना नसतो. कॅमेरा कंपनीचा असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर वायर कापू नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या. बाहेरून बसवलेला असेल तर बिल शोधून ठेवा, त्यावर गॅरंटीची तारीख लिहिलेली असू शकते.