उपरोध आणि दंभ (कादंबरीतील)

कादंबरीच्या समीक्षेत वारंवार एकत्र येणाऱ्या, पण परस्परांहून भिन्न अशा दोन संज्ञा. अंगी नसलेल्या सद्गुणाचे, धर्मनिष्ठेचे किंवा तत्त्वाचे जाणूनबुजून केलेले प्रदर्शन म्हणजे दंभ. बोललेले आणि अभिप्रेत असलेले, किंवा अपेक्षित आणि प्रत्यक्ष घडणारे, यांतील विरोधातून अर्थ सुचवणे म्हणजे उपरोध. दंभ हा पात्राचा दोष, तर उपरोध हे लेखकाचे साधन. दंभ उघडा पाडण्यासाठी उपरोध वापरला जात असल्याने दोहोंची गल्लत होते.

पूर्वपीठिका : ग्रीक सुखात्मिकेत अज्ञानाचे सोंग घेऊन बढाईखोराला उताणा पाडणारे ‘आयरॉन’ हे ठरावीक पात्र असे, उपरोधाची पाश्चात्त्य संकल्पना तेथून आली. संस्कृत साहित्यशास्त्रात शाब्दिक उपरोधाला सर्वांत जवळची आहे ती विपरीत लक्षणा. स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती करणारा व्याजस्तुती हा अलंकारही याच कुळातला. कुंतकाची वक्रोक्ती मात्र काव्यातील सर्व प्रकारचे वैचित्र्य कवेत घेते. तिला उपरोधाचा पर्याय मानता येत नाही. दंभाची गणना भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीत केली आहे. इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात ‘मिथ्याचारी’ म्हटले आहे.

प्रकार : उपरोधाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानतात. शाब्दिक उपरोधात बोलणे एक आणि रोख दुसराच असतो. प्रसंगनिष्ठ उपरोधात घटना अपेक्षेला उलटी कलाटणी देते. नाट्यगत उपरोधात पात्राला न कळणारे वाचकाला कळत असते.

उदाहरणे : जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीच्या आरंभी, श्रीमंत अविवाहित पुरुषाला पत्नीची गरज असतेच, हे सर्वमान्य सत्य म्हणून गंभीरपणे मांडले आहे. खरी गरज उपवर मुलींच्या घरांना आहे, हे वाचकाच्या लगेच ध्यानात येते. येथे उपरोध आहे, दंभ नाही.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या १८९० मध्ये सुरू झालेल्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. धर्मनिष्ठेचा आव आणणारे, पण आतून स्वार्थी असे शंकरमामंजी हे तीतील दंभाचे ठळक उदाहरण. निवेदन नायिका यमूच्या तोंडी असल्याने तिच्या भाबडेपणातून नाट्यगत उपरोध साधतो.

मार्क ट्वेनच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन’मध्ये (१८८४) हाडवैर असलेली दोन घराणी बंदुका घेऊन चर्चमध्ये बसतात, बंधुप्रेमावरील प्रवचन ऐकतात आणि त्याची वाखाणणी करतात, लगेच दुसऱ्या दिवशी मुडदे पडतात. पळालेल्या गुलामाला, जिमला, मदत करणे हे पाप आहे अशी नायक हकची प्रामाणिक समजूत आहे. तरीही तो नरकात जायची तयारी ठेवून जिमची बाजू घेतो. हकला स्वतःच्याच सदसद्विवेकाची टोचणी लागते, पण योग्य काय ते वाचकाला दिसते.

शब्दनिवड : ट्वेनच्या या घराण्यांना दांभिक म्हणणे काटेकोर नाही, कारण आपण ढोंग करत आहोत हे त्यांच्या गावीही नाही. हकला प्रार्थना शिकवणारी आणि जिमची मालकीण असलेली मिस वॉटसनही मनापासून धार्मिक आहे. अशा ठिकाणी ‘आत्मवंचना’ किंवा ‘विसंगती’ हे शब्द अधिक नेमके ठरतात. उच्चार आणि आचार यांतील फरक पात्राला स्वतःला ठाऊक असेल, तर ‘दंभ’ किंवा ‘ढोंग’; ठाऊक नसेल, तर ‘आत्मवंचना’; आणि तो फरक वाचकाच्या नजरेस आणून देणाऱ्या मांडणीला ‘उपरोध’ म्हणावे. ‘विडंबन’ हा शब्द एखाद्या कृतीच्या किंवा शैलीच्या हास्यकारक अनुकरणासाठी राखून ठेवणे इष्ट.