कोल्हापूरहून पाचगणीला, अमेरिकेमार्गे

इचलकरंजीत मागावरून उतरलेला ताका तपासणीच्या टेबलावरून हळूहळू सरकवतात. तपासणारा तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीत पडलेली फट शोधतो आणि तिथे खूण करून पुढे जातो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथल्या माणसांना हे काम अंगवळणी पडलं आहे. दोष सापडला म्हणून कोणी ताका फेकून देत नाही आणि तपासणाऱ्याचा रागही धरत नाही.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या एका माजी सैनिकाने हाच उद्योग स्वतःच्या दिवसावर करून पाहिला. इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झाला. पुढे मानरेसा गावी मुक्काम असताना त्याने आपल्या साधनेची टिपणं लिहायला घेतली. त्यांतूनच ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ झाला आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. त्यातली एक युक्ती अगदी कारकुनी थाटाची आहे. आपला एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याच्यापासून सावध राहायचं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचे तास एकेक करून आठवायचे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके एका ओळीवर मांडायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसेच ठिपके दुसऱ्या ओळीवर. आठवड्याच्या सात दिवसांना ओळींच्या सात जोड्या. छापील आकृतीत या ओळी उत्तरोत्तर आखूड होत जातात, कारण ठिपके कमी होत जावेत अशी अपेक्षा. शिवाय चूक घडली त्या क्षणी हात छातीला लावायचा. चारचौघांत असलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही, असं इग्नेशियस आवर्जून नोंदवतो. माणूस मोठा व्यवहारी.

रात्री दिवसाची झडती घेण्याची कल्पना मात्र त्याची नव्हती. रोमन तत्त्वज्ञ सेनेका ख्रिस्ती नव्हता, तरी दिवा हलवला आणि बायको गप्प झाली (तिला नवऱ्याची ही सवय ठाऊक होती) की आपण सबंध दिवस तपासतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पौलानेही करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाआधी स्वतःला पारखायला सांगितलं होतं. इग्नेशियसने या जुन्या सवयीला वेळापत्रक आणि कागद दिला.

हा कागद मराठी मुलखाच्या वेशीवर लवकर पोहोचला. इग्नेशियसनेच स्थापलेल्या येशूसंघाचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. येशूसंघीयाला रोजचं आत्मपरीक्षण चुकत नाही, त्यामुळे ओव्या रचणाऱ्या या इंग्रजाच्या दिनक्रमातही ते होतंच.

प्रोटेस्टंट घराण्याची शाखा वेगळी. तिथे पापकबुली ऐकायला धर्मगुरू नाही, म्हणून वहीच कबुली ऐकू लागली. अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्सने १७२२-२३ मध्ये, विशीच्या आसपास, स्वतःसाठी ७० संकल्प लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे असंही ठरवलं. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी याच वळणाचे. पुढे त्याच मिशनचा रॉयल वाइल्डर आधी अहमदनगरला आला आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात पोहोचला. मिशनच्या बोर्डाशी त्याचं बिनसलं, तरी गडी हटला नाही. काही वर्षं त्याने स्वतंत्रपणे काम चालवलं आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे सोपवलं. इचलकरंजीची जहागीर कोल्हापूरच्याच छायेत, त्यामुळे या भागातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मूळ शोधताना वाइल्डरच्या दारावरून जावं लागतं.

त्या स्वतंत्र संसाराच्या काळात, १८६३ मध्ये, कोल्हापुरात वाइल्डरला मुलगा झाला: रॉबर्ट. कुळकथेला इथे खरा रंग चढतो.

कुटुंब अमेरिकेत परतलं आणि रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला धर्मप्रचारक डी. एल. मूडीच्या शिबिरात तो अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांत जाऊन बसला. शिबिर संपेपर्यंत शंभर जण परदेशी मिशनसेवेला तयार झाले होते. मग तो आणि लाहोरच्या मिशनरीचा मुलगा जॉन फॉर्मन गावोगावच्या कॉलेजांत फिरले आणि दोन हजारांवर तरुणांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. यातूनच स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली. या चळवळीने एक सवय घरोघर नेली, तिचं नाव ‘मॉर्निंग वॉच’: न्याहारीआधीचा वेळ बायबल, प्रार्थना आणि स्वतःची झडती यांना द्यायचा. हे नाव मूळचं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचं, १८८० च्या दशकातलं. त्यातल्या थॉर्नटन नावाच्या झोपाळू गड्याची गोष्ट सांगतात. त्याने गजराच्या घड्याळाला मासेमारीचा गळ जोडला होता. गजर झाला की दोरी ओढली जायची आणि अंगावरचं पांघरूण हवेत! आत्मोन्नतीच्या इतिहासात इतकं प्रामाणिक यंत्र दुसरं नसेल.

प्रिन्स्टनला ज्यांनी सह्या केल्या त्यांत रॉबर्ट स्पीअर होता. तो परदेशी मिशनसेवेला गेलाच नाही. १८९१ मध्ये तो प्रेस्बिटेरियन परराष्ट्र मिशन बोर्डाचा चिटणीस झाला, म्हणजे कोल्हापूर मिशनचा कारभारही त्याच्याच कचेरीतून चालू लागला. १९०२ च्या एका पुस्तकात त्याने येशूच्या शिकवणीतून चार कसोट्या काढल्या: प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थता, प्रेम, आणि चारही शंभर टक्के. येलच्या हेन्री राइटने १९०९ मध्ये त्या कसोट्यांना रोजच्या निर्णयांच्या परीक्षेचं रूप दिलं. तिथून त्या अमेरिकन धर्मोपदेशक फ्रँक बुकमनच्या हाती लागल्या. बुकमनने त्यांच्या जोडीला ‘क्वाएट टाइम’ दिला: सकाळी वही-पेन्सिल घेऊन शांत बसा, मनात येईल ते लिहा आणि चार कसोट्यांवर घासून पाहा. बुकमनचा ऑक्सफर्ड ग्रुप आणि १९३८ पासून त्याचीच नैतिक पुनरुत्थान चळवळ यांचा हा कणा होता.

चार कसोट्या टोकाच्या आहेत, हे खरं. ‘संपूर्ण प्रामाणिकपणा’ असं लिहून ठेवलं की माणूस एक तर रोज नापास होतो किंवा आपण पास झालो असं स्वतःला पटवतो. इग्नेशियसचा एकच दोष आणि त्याचे ठिपके त्यापेक्षा माणसाच्या मापाचे वाटतात.

बुकमनच्या वर्तुळातून एक फांदी भलतीकडेच फुटली. न्यूयॉर्कचा बिल विल्सन दारूतून सुटला तो ऑक्सफर्ड ग्रुपमधल्या मित्राचा हात धरून. १९३५ मध्ये त्याने डॉ. बॉब स्मिथबरोबर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात केली. त्यांच्या बारा पायऱ्यांतली दहावी पायरी म्हणजे स्वतःची झडती घेत राहणं आणि चुकलं तर ताबडतोब कबूल करणं. आज मराठी बैठकांत ही पायरी वाचणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसं असतात.

दुसरी फांदी सह्याद्रीवर परतली. राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये पाचगणीत नैतिक पुनरुत्थान चळवळीचं ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र सुरू झालं. कारखान्यांतले कामगार आणि व्यवस्थापक, सरकारी अधिकारी, विद्यार्थी तिथे येतात आणि सकाळी वही घेऊन शांत बसतात. कोल्हापुरात जन्मलेल्या पोराने प्रिन्स्टनच्या मित्राला गळाला लावलं, मित्राने कसोट्या लिहिल्या आणि त्या पाचगणीच्या घाटावर आल्या. द्राविडी प्राणायाम म्हणावा तो हाच.

मिशनच्या वळणाच्या ख्रिस्ती घरांत मात्र ही सवय इतका वळसा न घेता उतरली. रात्रीची कुटुंबप्रार्थना, प्रभुभोजनाआधीची मनाची तयारी, पहाटेचं बायबल ही तिची ओळखीची रूपं. अडचण पाळीची आहे. इचलकरंजीत मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची पहाट सकाळच्या चहानंतर उजाडते. त्याला ‘मॉर्निंग वॉच’ जमणं अवघड, थॉर्नटनचा गळ लावला तरी. इग्नेशियसचं वेळापत्रक मात्र चालतं. ते घड्याळावर बेतलेलंच नाही: एक नजर उठताना, एक जेवणानंतर, एक पुढच्या जेवणानंतर. डबा कधीही उघडा.